हार तसबिरीलाच

त्याने माझ्या हातातला कागद घेतलाच नाही. टेबलाच्या कडेला ठेव, अशी बोटाने खूण केली. मी ठेवला. त्यावर त्याने चहाचा ग्लास ठेवला.

तो एका पेपरचा वार्ताहर. वाशीच्या एका गाळ्यात त्याचं ऑफिस होतं. ऐंशीनंतरची गोष्ट. मी तुर्भ्याच्या कंपनीत पॅकिंगला होते. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून पक्षाच्या बातम्या लिहून पोचवायचं काम माझ्याकडे. आमच्या वस्तीत नळ नव्हता. बाया कंपन्यांच्या गेटवर हंडे घेऊन ताटकळायच्या, वॉचमनच्या विनवण्या करायच्या. त्याच पाण्यासाठी आमचा मोर्चा निघाला होता, त्याचीच बातमी मी आणली होती. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, अख्खी वस्ती रस्त्यावर होती.

"कोण मोठं आलं होतं?" त्याने विचारलं.

"आमीच होतो," मी म्हणाले.

तो शेजारच्या फोटोग्राफरकडे बघून हसला. "यांचं रोजचंच असतं."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. आतल्या पानावर, तळाला. तुर्भ्यात ट्रक अडकले, वाहनचालकांचे हाल झाले. बस्स. पाण्याचं नावसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात दादासाहेबांची सभा झाली. दादासाहेब म्हणजे सत्ताधारी पक्षाचे इकडचे पुढारी. कंपन्यांना मजूर पुरवायचं कंत्राटही त्यांच्याच घरात. त्यांच्या मुकादमाने खाडा मांडायची धमकी दिली आणि आमच्याच बाया ट्रकात भरून नेल्या. पेपरात पहिल्या पानावर फोटो. वर मोठ्या अक्षरात, जनसागर उसळला. त्या सागरात पुढच्याच रांगेत माझी आई बसली होती. डोक्यावर पदर, उन्हाने डोळे बारीक केलेले. आमच्या मोर्चात ती ट्रकांची अडचण होती. तिथे जनसागर झाली. मला हसावं की रडावं कळेना.

आमच्या शाखेचे अध्यक्ष गायकवाडमामा. ते म्हणाले, आता सभा वस्तीतच घेऊ. ही खबर कशी कोण जाणे, वर पोचली. तोच वार्ताहर आपल्या पायांनी वस्तीत आला. "दादासाहेब येतायत तुमच्या सभेला. नळ जाहीर करतील. तुम्ही फक्त हार घाला. फोटो पहिल्या पानावर लावतो."

आमच्या पक्षाची एक रीत होती. सभेत हार एकच, आणि तो ज्यांनी आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं, त्यांच्या तसबिरीला. जिवंत माणसाच्या गळ्यात घालायचा नाही, मग तो आपला असो की परका. गावाकडे पाटलासमोर वाकून वाकून कंबर मोडलेल्या माणसांनी ही रीत पाडली होती.

वस्तीत भांडणं लागली. एका हाराने काय बिघडतं, बाया म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? हंडा त्यांच्या डोक्यावर होता. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येऊ द्या त्याला. बसंल सतरंजीवर सगळ्यांसंगं."

दादासाहेब आले. सतरंजीवर बसले नाहीत. त्यांच्या माणसांनी खुर्ची आणली होती. हारही आणला होता. तो वार्ताहराने माझ्या हातात कोंबला. "शिकलेली मुलगी आहेस. फोटोत शोभेल. घाल."

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. आई पुढेच बसलेली. हळूच म्हणाली, "घाल की गं माय. पानी तरी यील."

आईचं ऐकावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं. तरी मी हार वार्ताहराच्या हातात परत दिला. दादासाहेबांना म्हणाले, "आमच्यात हार तसबिरीलाच. तुमी खाली बसा, नळाचं बोला."

दादासाहेब हसले. घड्याळ बघून उठले. कॅमेरा पिशवीत गेला. नळ त्यांच्यासोबत गाडीत बसून गेला.

पेपरात एक ओळही आली नाही. मुकादमाने आईला कामावरून बंद केलं. बाया मला ऐकवून म्हणायच्या, "पिवा आता हिच्या तत्त्वाचं पानी." आई हंडा घेऊन गेटवर उभी राहायची, मी तिच्या मागे. वॉचमन मुद्दाम आम्हाला शेवटी सोडायचा. हार घातला असता तर त्या उन्हाळ्यात पाणी आलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं.

गेटसमोर कंपनीची लांबलचक पांढरी भिंत होती. एक दिवस चुलीतला कोळसा घेतला आणि भरदुपारी, ट्रकवाल्यांच्या देखत, भिंतीवर लिहिलं. आमच्या वस्तीत सभा झाली. आम्ही पाणी मागितलं. कोणाला हार घातला नाही. म्हणून नळ दिला नाही.

वॉचमनने पुसलं. मी परत लिहिलं. त्याने परत पुसलं.

"किती वेळा लिहिशील गं?" तो वैतागून म्हणाला.

"नळ येईपर्यंत," मी म्हणाले. "आला की कोणी अडवला होता, ते लिहीन."