मावशींची माफ झालेली खोली

नव्वदच्या दशकात सेनगाव तालुक्यात मी ग्रामसेवक म्हणून लागलो. साखऱ्याकडच्या एका तांड्याची घरपट्टी माझ्याकडे होती. पावतीपुस्तक घेऊन एका विधवा मावशींच्या दारात गेलो, तर त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "भाऊसाहेब, गावातल्या मंदिराला पट्टी न्हाई. मग माझ्याच देवीला काहून?"

पुढच्या खोलीत त्यांनी देवी मांडली होती. जमीन नुकतीच सारवलेली, देवीपुढं जास्वंदीची फुलं.

"मंदिर सगळ्यांचं असतं, मावशी. हे तुमचं घर."

"मग ही खोली सगळ्यांची. लिहा तसं."

सरपंचांना ते पटलं. ग्रामसभेत ठराव झाला, त्या खोलीची पट्टी माफ झाली आणि मावशींनी तांडाभर गूळखोबरं वाटलं. माझ्या हातून एक चांगलं काम झालं, म्हणून मीही खूश होतो.

आठवड्याभरात शेजाऱ्यानं आपल्या देवाची तसबीर आणून देवीशेजारी टांगली. देवधर्म न मानणारे एक आजोबा दुपारचे तिथं घोरू लागले. गारवा छान होता. मावशींनी उठवलं तर म्हणाले, "खोली सगळ्यांची हाय ना?" एवढं त्यांनी हसून सोसलं. पण सणाच्या आधी भजनी मंडळी म्हणाली, "सगळ्यांच्या जागेत बोकडाचा नैवेद्य चालायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मावशी तडक ऑफिसात आल्या.

"खोली परत माझी करा. पट्टी घ्या."

"इतक्यात?"

"देवीला काय आवडतं ते मला ठाऊक हाय. आता दहा जणांना विचारावं लागून राहिलं."

मी नियम शिकून आलो होतो, पण माफीसोबत काय काय द्यावं लागतं ते मला मावशींनी शिकवलं. पुढच्या सभेत ठराव फिरवला. सरपंच म्हणाले, "पट्टी लावा म्हणून अर्ज करणारी ही पहिलीच." मावशींनी तिथंच पैसे भरले. शेजाऱ्याची तसबीर हळदकुंकू लावून, मानानं त्याच्या घरी पोचवली.

सणाला त्यांनी आपल्या रीतीनं नैवेद्य केला आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. भजनी मंडळींसाठी वेगळ्या चुलीवर वरण-भात शिजला. ती मंडळी आली, पोटभर जेवली, अंगणात बसून दोन अभंगही म्हणाली.

मी दोन्ही पंगतींना बसलो.