मुलगा अठराचा होण्याआधी

अमिरातीत मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकायची. मुलगा फक्त अठरापर्यंत. त्यापुढे तो शिकतोय असं दाखवा, नाहीतर नोकरीला लावा, नाहीतर पाठवून द्या. हा नियम मला पहिल्या वर्षापासून माहीत होता. पण तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता आणि नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तो पंधराचा झाला तेव्हा नियम घरात येऊन बसला.

आम्ही शारजात, अल नहदात राहायचो. खिडकीतून समोर दिसायची ती दुबई. नवरा इंडस्ट्रियल एरियातल्या जनरेटर दुरुस्तीच्या वर्कशॉपात फोरमन होता. मी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब बघायची. कारखाना आधी शारजातच होता, मग दुबईच्या दुसऱ्या टोकाला, इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गेला आणि माझे रोजचे तीन तास कंपनीच्या व्हॅनमध्ये जायला लागले.

त्या काळात इमारतीत एकच विषय होता, गुण. आमच्या आधीचे लोक पैसे साठवायचे, गावी बंगला बांधायचे आणि परत जायचे. आमच्या वयाच्या लोकांना परत जायचं नव्हतं आणि इथं कायमचं राहता येत नव्हतं. मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. वयाला किती गुण, पदवीला किती, इंग्रजीला किती, हे लोक शुक्रवारी आमटी वाढता वाढता बोलायचे. दर दोन-तीन महिन्यांनी एक घर रिकामं व्हायचं. जाणारे सामान वाटून जायचे. आमच्याकडे अशा तीन इस्त्र्या आणि दोन मिक्सर जमले होते.

स्वतःहून आम्ही मात्र काही घेणं बंद केलं होतं. सोफ्याची स्प्रिंग वर आली होती. नवा बघायला गेलो की नवरा म्हणायचा, "आठशे दिरहॅम, म्हणजे दहा हजार. आणि वापरणार किती दिवस?" मग आम्ही तसेच परत यायचो आणि स्प्रिंगच्या बाजूला सरकून बसायचो. पडदे नाहीत, कपाट नाही, काही नाही. तीन वर्षं आम्ही स्टेशनावर बसल्यासारखे घरात राहिलो.

माझा विचार सरळ होता. कॅनडाच्या कायद्यात मुलगा अठरानंतरही काही वर्षं मूलच धरला जात होता. अठराच्या आत अर्ज लागला तर तिघं एका घरात राहू. इथली कॉलेजं परवडणारी नव्हती, त्यामुळे नाही लागला तर मुलगा पुण्यात हॉस्टेलवर आणि आम्ही दोघं इथं. मला तिघं एका घरात हवे होते. बर्फ, डॉलर, नायगारा यांच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

दुबईच्या करामा भागात इमिग्रेशनचा एक सल्लागार होता, त्याच्याकडे गेलो. नुकताच कायदा बदलला होता. आधी कुठला धंदा येतो त्याला महत्त्व होतं, आता शिक्षणाला आणि इंग्रजीला. नवऱ्याचा डिप्लोमा, वय सत्तेचाळीस, इंग्रजी वर्कशॉपपुरतं. सल्लागारानं बेरीज केली आणि कागद उलटा ठेवला.

"सर का केस रहने दीजिए," तो म्हणाला. "मॅडम का देखते हैं."

मी एम.कॉम. माझं इंग्रजी बरं. माझे गुण पुरले, जेमतेम.

"म्हणजे मुख्य अर्जदार ही?" नवऱ्यानं विचारलं.

"जी. आप डिपेंडंट."

खाली उतरताना नवरा लिफ्टमध्ये म्हणाला, "अगं, मग आता माझ्या पासपोर्टावर काय लिहिणार? हाउसवाइफ?"

"तुम्हाला भाजी चिरता येत नाही," मी म्हटलं. "ते देणार नाहीत."

तो हसला. 

अडचण वेगळीच निघाली. माझ्या पासपोर्टावरच्या व्हिसात मी हाउसवाइफ होते, कारण मी नवऱ्याच्या व्हिसावर होते. लेबर कार्डावर सेक्रेटरी होते. आणि दहा वर्षं खुर्चीत बसून मी अकाउंटंटचं काम करत होते. नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या मंदूबनं, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणाऱ्या माणसानं, विचारलं होतं की कार्डावर काय टाकू. अकाउंटंट टाकायचं तर पदवीवर मंत्रालयाचे, दिल्लीचे, वकिलातीचे शिक्के आणा. सेक्रेटरी टाकलं तर काही लागत नाही. आम्ही म्हटलं, टाका सेक्रेटरी. सगळे असंच करायचे. कार्ड पोलिसानं विचारलं तर दाखवायचं, एवढाच त्याचा उपयोग.

सल्लागार म्हणाला, "तो सेक्रेटरी ही लिख देते हैं. उसके भी पॉइंट हैं."

"मी एक दिवसही सेक्रेटरीचं काम केलेलं नाही."

"मॅडम, कार्ड तो है."

मी अकाउंटंटच लिहिलं. तत्त्वाचा प्रश्न नव्हता. मुलाखतीत शॉर्टहँड विचारलं तर मी काय सांगणार होते?

आता अनुभवाचं पत्र साहेबांकडून हवं होतं. साहेब लेबनीज, मनानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. मी टाइप करून नेलेलं पत्र वाचून त्यांचा चेहरा पडला. "हबीबी, लेबर ऑफिसनं पाहिलं तर? कार्डावर एक, पत्रात एक. दंड मला."

"हे लेबर ऑफिसला जात नाही, सर. कॅनडाला जातंय."

"आणि तू पण जाणार."

"लागलं तर."

"इन्शाल्ला नाही लागणार," म्हणाले आणि सही केली.

वर्ष गेलं. मुलगा बारावीत गेला. त्याला कुठंच जायचं नव्हतं. "आय ॲम फ्रॉम हिअर, आई," तो म्हणायचा. मी त्याला त्याचा व्हिसा दाखवायची, संपण्याची तारीख दाखवायची. तो म्हणायचा, "दॅट्स जस्ट अ स्टिकर." पुण्याच्या कॉलेजांचे एनआरआय कोट्याचे फॉर्मही मी भरून ठेवले होते. दोन्हीकडच्या फायली एकाच सुटकेसमध्ये होत्या आणि रोज संध्याकाळी मी त्या कारण नसताना काढून परत ठेवायची.

एकदा सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये महिन्याचे आकडे दाखवत होते. फोन वाजला. त्यांनी ऐकलं, डोळे मोठे केले आणि रिसीव्हरवर हात न ठेवताच मला म्हणाले, "कॅनडा!"

पलीकडून विचारलं असावं की ही तुमच्याकडे नक्की काय काम करते. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"अकाउंटंट? नो, नो, मॅडम! ओन्ली अकाउंटंट? शी इज एव्हरीथिंग! बँक, पगार, लेबरची तिकिटं, माझ्या बायकोचं बैरूतचं बुकिंग. माझं पेन कुठंय तेसुद्धा हिलाच माहीत. बेस्ट सेक्रेटरी इन दुबई!"

आणि माझ्याकडे बघून त्यांनी अंगठा दाखवला.

 दहा वर्षांत त्यांनी माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि ते नेमकं आज सुचलं होतं. मी हात पुढे केला. "फोन द्या, सर."

पलीकडची बाई शांत होती. तिनं विचारलं, मशीनवर घसारा कसा धरता? मी सांगितलं. बँकेचा मेळ कधी बसवता? सांगितलं. कामगार नोकरी सोडताना त्याला जी ग्रॅच्युइटी द्यावी लागते, तिची तरतूद पुस्तकात कुठं दाखवता? तेही सांगितलं. साहेब तोंड उघडं टाकून ऐकत होते. ग्रॅच्युइटीची तरतूद होते हे त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं.

मग तिनं विचारलं, "तर मग तुम्ही अर्जाला जोडलेल्या कार्डावर सेक्रेटरी का?"

"कारण पदवीवर शिक्के मारून आणावे लागले असते, आणि आम्ही ते टाळलं."

"असं इथं बरेच जण करतात?"

"माझ्या व्हॅनमध्ये जे लोक येतात, त्यातल्या एका इंजिनियरच्या कार्डावर सुतार आहे," मी म्हटलं.

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग थँक यू म्हणून तिनं फोन ठेवला.

"गुड?" साहेबांनी विचारलं. "मी चांगलं सांगितलं ना?"

"फार चांगलं, सर," मी म्हटलं आणि आकडे पुढे दाखवायला घेतले. एक बेरीज दोनदा चुकली.

मुलाची बारावी संपल्यावर मेडिकलचं पत्र आलं, आणि त्यानंतर व्हिसे. तिघांचे. मुलगा अठराचा व्हायला अजून थोडा वेळ होता. मी ऑफिसातून नवऱ्याला फोन केला. तो "बरं झालं" म्हणाला. 

दोन दिवसांनी जेवताना म्हणाला, "मी लँडिंगला येतो, तिथं उतरून शिक्का मारून घेतो. पंधरा दिवस राहतो. मग परत येतो."

"परत कुठं?"

"इथं. वर्कशॉपात."

"मग हे सगळं कशासाठी केलं?"

"अगं, तिथं माझा डिप्लोमा कोण ओळखतो? पेट्रोल पंपावर उभा राहू? तुला नोकरी लागेपर्यंत कुणाचा तरी पगार चालू हवा. सगळे हेच करतात. बायको-पोरं तिकडं, पुरुष इकडं."

"सगळे सेक्रेटरीही लिहितात."

"तिथं मी डिपेंडंट," तो म्हणाला. "इथं फोरमन आहे."

मी भांडले. आठवडाभर भांडले, कारण मुद्दा माझा बरोबर होता. पण गणित त्याचं बरोबर होतं. नव्या देशात, पहिल्या हिवाळ्यात, मुलाची फी, भाडं, आणि दोन बेकार माणसं. मी स्वतः हिशेबनीस. तो आकडा मलाही जुळवता आला नाही.

आमची इमारत फॅमिली बिल्डिंग होती. वॉचमनला मी निघायची तारीख सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम जाएगा तो साब को भी फ्लॅट खाली करना पडेगा. बॅचलर नॉट अलाउड."

"बॅचलर? वीस वर्षं झाली लग्नाला."

"फॅमिली इधर नहीं तो बॅचलर," तो म्हणाला. त्याचा दोष नव्हता. स्वतः तो तसाच बॅचलर होता, पेशावरकडचा, चार मुलांचा बाप.

जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी नवऱ्याला त्याच्या कंपनीच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये हलवलं. मुलगा गादी उचलून जिना चढत होता. मधेच थांबून म्हणाला, "वेट. आय टर्न एटीन, अँड बाबा गेट्स किक्ट आउट?"

कुणी हसलं नाही. मग नवरा एकदम हसला, आणि गादीचं दुसरं टोक त्यानं धरलं.

खोलीत चार खाटा होत्या. तिघं जण कोकणातले, साइटवर वेल्डर आणि फिटर. त्यांना फॅमिली व्हिसा कधीच मिळाला नव्हता. त्या पगाराला आणि त्या कामाला मिळतच नव्हता. त्यांनी खिडकीजवळची खाट रिकामी करून ठेवली होती. त्यातला थोरला, गुहागरचा, म्हणाला, "वहिनी, बसा, चहा टाकतो. साहेबांची काळजी करू नका. इथं सगळे फॅमिलीवालेच आहेत."

मी चहा घेतला. कपाटाला कडी नव्हती, ती मी नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, उद्या बसवतो. खिडकी उघडते का पाहिलं. आमच्याच कंपनीची खिडकी होती. बनावट मी ओळखली. उघडत नव्हती.

"एसी आहे ना," नवरा म्हणाला.

"तरी," मी म्हटलं, आणि मुलाला हाक मारली, कारण खाली टॅक्सीचं मीटर चालू होतं.