देविदासचं दुसरं माउथपीस

देविदास गेल्याचा फोन त्याच्या जावयानं केला, तेव्हा मी आधी विचारलं, "कोन बोलून राहिला बे?" देविदासला आवाज बदलून, दुसऱ्याच्या नंबरावरून मला फसवायची खोड होती. पलीकडे जावई रडत होता. तरी मी फोन ठेवला आणि देविदासचा नंबर लावून पाहिला. जन्मभर कोर्टात वकिली केली, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवयच मोडली.

अमरावतीत एकाच शाळेच्या बँडमध्ये होतो आम्ही. त्याला ट्रम्पेट मिळालं, मला गाल मोठे म्हणून युफोनियम... तेच, मांडीवर लेकरासारखं घेऊन वाजवायचं जाडजूड पितळी वाद्य. पुढे तो अकोल्याला लग्नाच्या बँडचा मास्टर झाला आणि मी इकडे काळा कोट चढवला. पण जमेल तेव्हा मूर्तिजापूरला भेटायचो, दोघांनाही अर्ध्या वाटेवर. शकुंतला, ती छोट्या रुळांची आगगाडी, बंद पडल्यापासून तिचा फलाट रिकामाच. तिथं बसून वाजवायचो. अडचण एकच होती, ट्रम्पेट आणि युफोनियम अशा विजोड जोडीसाठी कोणी काही लिहीतच नाही. दोन ट्रम्पेटांसाठी ढिगानं मिळतं, दोन युफोनियमसाठीही मिळतं. आमच्या नशिबी मात्र शोधाशोध. देविदास अकोटपर्यंत जाऊन जुन्या बँडवाल्यांच्या पेट्या उपसायचा, दोन ट्रम्पेटांचं काही हाती लागलं की त्यातला खालचा भाग माझ्यासाठी आणखी खाली उतरवायचा. गाणं, म्हणजे वरची चाल, त्याच्याकडे, खालची भरती माझ्याकडे. बँडचा कायदाच तसा आहे, ट्रम्पेट नवरदेव आणि बाकीचे वऱ्हाडी. मी कुरकुरलो की म्हणायचा, "लेका, भिंतीबिगर छपराची टिनं टिकते काय?"

शेवटच्या वर्षी तो बदलला. नवीन काही आणेना. वाजवता वाजवता मध्येच थांबायचा, तोंडाला रुमाल लावायचा. शेवटच्या भेटीत रुमाल काढताना खिशातून एक माउथपीस पडलं, वाद्याला लावून फुंकायचं पितळी तोंड. मोठं, चांगलं वाटीएवढं. ट्रम्पेटचं नव्हेच ते, युफोनियमचं.

"कोनाचं हे?"

"आहे एकाचं," म्हणाला आणि झटकन खिशात घातलं.

झालं. माझ्या डोक्यात खटला उभा राहिला. यानं अकोल्यात दुसरा युफोनियमवाला धरला. निघताना साक्षही त्यानंच दिली. हसत म्हणाला, "सुधाकर, आता शोधाशोध सरली आपली. पायजे तेवढं सापडते आता." मी म्हटलं, "मंग चांगलंच आहे नं," आणि अर्धा चहा तसाच ठेवून बसमध्ये चढलो. त्यानंतर त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. वेगवेगळ्या नंबरांवरून आले, तेही नाहीत. माझ्या जागेवर दुसरा कोणी बसावा, हे मला सहनच झालं नाही.

तेरवीनंतर अकोल्याला गेलो तो सांत्वनाला कमी आणि त्या माणसाचा छडा लावायला जास्त. खोलीच्या कोपऱ्यात युफोनियम होतंच, गोधडीत गुंडाळलेलं. देविदासच्या बायकोला मी विचारलं, "वैनी, हे वाजवायले कोन येत होतं?"

"कोन येनार भाऊजी? त्यायचंच आहे. समोरचे दात हलून राहिले होते नं त्यायचे. ट्रम्पेट तोंडाले लावलं की कळ जाये. मंग हे घेतलं. याचं तोंड मोठं, दातावर जोर येत नाही म्हनत. कोनाले सांगू नोको म्हने, मास्टरचे दात गेले समजलं तं बँड मोडते."

मी खाली बसलो. दोन युफोनियमसाठी मिळतं... म्हणून शोधाशोध सरली होती. "आपली" म्हणाला होता तो.

तरी जात्या खोडीला औषध नाही. मी विचारलंच, "पन हे माह्यासाठीच होतं, कायवरून?"

वैनी जराशा चिडल्या. "रोज तेच ते, खालचं खालचं, पों पों. कान किटले माहे. मी म्हटलं, अवो, याच्यात गानं कुठी आहे? तं म्हने, गानं सुधाकरजवळ आहे."

ते माउथपीस त्यांनी मला दिलं. माझ्या टेबलावर, फोनच्या शेजारीच असतं. दोन युफोनियमच्या एका तुकड्यातला वरचा, गाण्याचा भाग मी बसवतो आहे. मला सवय नाही, चुकतो फार. मध्येच फोन वाजतो. अनोळखी नंबर असला की आता मी लगेच उचलतो.