चांदणीच्या पोटात कळ आली तेव्हा

ही गेल्यापासून माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. सून देवापुढं दिवा लावायची, मी तिकडं पाठ करून चहा प्यायचो. तरीही माघात दोन्ही घोड्या ट्रेलरमध्ये चढवून मी मेव्हण्याबरोबर जीपने वळसंगाहून निघालो. दर वर्षी नातेपुत्याच्या पुढं शिंगणापूरच्या डोंगरवाटांनी आम्ही नवरा-बायको रपेट करायचो. हौस मुळात हिची. म्हातारपणी हे काय खूळ, म्हणून गावात आमची भरपूर थट्टा व्हायची. त्या वर्षी हिच्या चांदणीवर बसायला कोणी नव्हतं, पण तिच्याशिवाय माझी मैना ट्रेलरमध्ये पाय ठेवत नाही, म्हणून दोघींना घेतलं.

तो रविवार होता, खंडोबाचा वार. निघताना गल्लीतल्या बायका नैवेद्याच्या पुरणपोळ्या घेऊन आल्या. घोडं म्हणजे देवाचं वाहन, त्याला रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं? ही असती तर तिने हात जोडून सगळ्यांना परत पाठवलं असतं. मला नाही म्हणवेना. चांदणीने सहा-सात पोळ्या खाल्ल्या. शेवटची माझ्या हातची.

नातेपुतं थोडंच राहिलं असताना मागून धडाधड लाथांचा आवाज आला. मेव्हण्याने जीप थांबवली. चांदणी घामाने निथळत होती आणि मान वळवून सारखी पोटाकडं पाहत होती. घोड्याला उलटी होत नाही. पोट फुगलं की ते लोळायला बघतं, आतड्याला पीळ पडतो आणि जीव जातो. दोघींना खाली उतरवलं, मैनेला बाभळीला बांधलं. मेव्हणा जनावरांचा डॉक्टर आणायला गेला. मी दोरी धरून उभा होतो आणि चांदणी गुडघे टेकत होती.

शेजारच्या रानात कांदा काढणारी एक पोक्त बाई धावत आली आणि तिने दोरीला हात घातला.

“बसू दिऊ नगा तिला. चालवा!”

“मीच पोळी चारली हो तिला,” मी म्हणालो. तिला का सांगितलं, कोण जाणे.

“चारली तर चारली. आता चालायचं. देवाचं नाव घ्या, न्हाय तर शिव्या घाला त्येला, पन पाय थांबवू नगा.”

मी मनातल्या मनात शिव्याच घातल्या. बांधाच्या कडेने आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. चालता चालता मला दवाखाना आठवला. हिच्या शेवटच्या दिवशी मी तिथं नव्हतो. नवस बोलायला तिसऱ्या देवळात गेलो होतो. “हे कुठं गेले?” असं तिने दोनदा विचारलं, हे मला नर्सकडून कळलं. देवाने ऐकलं नाही म्हणून मी वर्षभर रुसून बसलो होतो, पण तिच्याजवळून उठून गेलो होतो तो मी. मला रडू आवरेना. चांदणीच्या ओल्या मानेवर हात ठेवून मी रडत चालत राहिलो. तिला जगव, असं काही मागावंसं वाटलं नाही. “जायचीच असेल तर माझा हात असू दे तिच्यावर,” एवढंच म्हणालो. वर्षभरात देवाशी बोललो ते एवढंच.

आणखी बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग चांदणी थांबली, तिने शेपटी उचलली आणि लीद टाकली.

“प्वाट मोकळं झालं. सुटली गं बया!” बाई हसली.

मी त्या लिदीला हात जोडले. कोणाला हसू आलं तर येवो. “माजा कांदा ऱ्हायलाय की,” म्हणत बाई रानात परत गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागाहून डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली आणि “चालवत ठेवली म्हणून वाचली,” असं सांगितलं. त्या वर्षी आम्ही डोंगरावर गेलोच नाही.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. घर अजून रिकामंच आहे आणि संध्याकाळ अजून खायला उठते. पण राखणं देवाच्या हातात, जवळ थांबणं आपल्या, एवढं मला कळलं. त्या दिवशी चांदणी गेली असती, तरी मी त्या बाईला आणि तिला धाडणाऱ्याला हातच जोडले असते. हिच्या वेळी जे माझ्याकडून झालं नाही, ते त्याने त्या बांधावर माझ्याकडून करून घेतलं.