धायरीतली दुपार

काल नारायण पेठेतल्या एका दुकानात उदाचा वास आला आणि मी काही न घेताच बाहेर पडले.

मी दहा वर्षांची होते. आई दवाखान्यात बेशुद्ध होती. बाबा दर रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवायचे. देव उत्तर देईना म्हणून घाबरलेला शौल राजा देवाची मनाई मोडून भूतविद्या करणाऱ्या बाईकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी लढाईत मेला, हे सांगताना त्यांचा आवाज कडक व्हायचा. त्या दुपारी तेच बाबा मला घेऊन धायरीत, अंगात येणाऱ्या एका बाईकडे गेले.

खोलीत उदाचा धूर दाटला होता. बाई घुमायला लागली. बाबा तिच्यापुढे गुडघे टेकून बसले, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

"बाबा, देव बघतोय," मी कुजबुजले.

"तो बोलतच नाही गं माझ्याशी."

बाई एकदम थांबली. बाबांचा पांढराफटक चेहरा बघून तिने आमच्यापुढे भाकरी ठेवली. "मला काय बी दिसत न्हाई, दादा. खावा, आन् बायकोपाशी जाऊन बसा."

तिसऱ्या दिवशी आई गेली. आम्ही तिथे गेलो म्हणूनच गेली, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. बाबाही तसंच धरून बसले असतील, हे मला ते गेल्यावर सुचलं.