सायली क्षीरसागर, यू.एस. आर्मी, मुक्काम मूळचा नागपूर

आमच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलच्या ढोलपथकात दोन जण भेटले की तिसरा विषय सायली. ती सध्या टेक्सासला आर्मीच्या तळावर असते, वर्षातून जेमतेम आठ दिवस घरी येते. पण तिचे किस्से इथे साठतच चाललेत. एक सांगायला घ्यावा तर दुसराच मध्ये घुसतो. म्हटलं, एकदाचे लिहून टाकावेत.

*

पाडव्याची मिरवणूक संपली होती. नऊवारी, फेटे, गॉगल. आम्हा ढोलवाल्या पोरींचे फोटो काढून काका लोक थकले होते. "वाघिणी आहेत, वाघिणी!"

जेवताना सायली सहज म्हणाली, "मी आर्मी जॉईन करतेय."

श्रीखंडाचे चमचे हवेतच थांबले. शेवटी एक काकू म्हणाल्या, "अगं, पण तुझं तर मॅथ्स चांगलं आहे ना?"

मला असा राग आला! वाघिणीने फक्त ग्रुप फोटोत उभं राहायचं का?

*

खरा स्फोट घरी झाला. सायलीचे बाबा, दिलीपकाका, नागपूरहून इथे आले तेव्हा ती आठ वर्षांची होती.

"ग्रीन कार्डासाठी अकरा वर्षं थांबलो मी," काका ओरडले, "ते काय तू मरायला जावं म्हणून?"

"मरायला कुठे ग्रीन कार्ड लागतं, बाबा? भरती व्हायला लागतं. थँक यू!"

त्या दिवसापासून काकांनी बोलणं बंद केलं. "सोडायला येणार नाही आणि ट्रेनिंग संपल्यावर ती परेड का काय असते, तिलाही येणार नाही," हे शेवटचं वाक्य. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर सांगायचे, "गव्हर्नमेंट जॉबच्या ट्रेनिंगला गेलीय." आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं!

सायली हसण्यावारी न्यायची. जाताना मला मात्र एकच विचारून गेली, "बाबा परेडला येतील का गं?"

*

ट्रेनिंगमध्ये फोन काढून घेतात, त्यामुळे सगळं पत्रातून कळायचं. पहिल्याच दिवशी ड्रिल सार्जंटने काहीतरी विचारलं आणि सायली ओरडली, "येस सर!" तिथे फक्त ऑफिसरला सर म्हणतात. सार्जंटला सर म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. वीस पुशअप्स!

धापा टाकत उठली, तर पुढचा प्रश्न. आता ‘सर’ म्हणायचं नाही एवढंच डोक्यात. तोंडातून निघालं, "येस काका!"

"व्हॉट इज अ काका?"

"वडिलांच्या वयाचा आदरणीय माणूस, ड्रिल सार्जंट!"

तो बिचारा तिशीचा होता. म्हणाला, "आदराबद्दल थँक्स. वयाबद्दल आणखी वीस!"

*

खाऊ पाठवू नका असं सायलीने पत्रात दोनदा लिहिलं होतं. तिची आई, मेधाकाकू, यांनी ते दोनदा वाचलं आणि डिंकाचे लाडू पाठवले.

सार्जंटने खोका सगळ्यांसमोर उघडला. एक लाडू टेबलावर आपटून बघितला. ठक्! "हे हत्यार आहे का?"

"नाही, ड्रिल सार्जंट! बाळंतिणीला देतात, ड्रिल सार्जंट!"

त्याने एक तुकडा तोडून खाल्ला. आणखी खाल्ला. "यात काय आहे?"

डिंकाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते सायलीला पटकन आठवेना. जे आठवलं ते ती ठणकावून बोलली, "ग्लू, ड्रिल सार्जंट!"

हे पत्र काकूंनी मला हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. काका पलीकडे बातम्या बघत होते. म्हणजे टीव्ही चालू होता. काकूंनी पत्र उघडलं की तो म्यूट व्हायचा, एवढंच.

*

सायलीची पत्रं मी पथकातही वाचायचे. आमची प्रॅक्टिस पाचची म्हणजे लोक पावणेसहाला उगवणार. मी दोन वर्षं त्यावरून घसा फोडला, उपयोग शून्य. सायलीची पत्रं ऐकून आमच्या चौदा वर्षांच्या रियाने मात्र हुकूम काढला: उशीर झाला की सार्जंटसारखं ‘ड्रॉप!’, म्हणजे तिथेच खाली पडून पुशअप्स, वय बघायचं नाही.

पुढच्या रविवारी अध्यक्षकाका पाच-चाळीसला आले. रिया गरजली, "काका, ड्रॉप!"

काका दचकून पायाशी बघायला लागले, "काय? काय पडलं?"

आता प्रॅक्टिस पाचला सुरू होते. मंडळाचा वेळेवर सुरू होणारा हा एकमेव कार्यक्रम!

*

आणि मग परेडचा दिवस. साऊथ कॅरोलिना, चार तासांचा रस्ता. जाणार होतो मी आणि मेधाकाकू. आदल्या दिवशी दिलीपकाका अचानक म्हणाले, "हायवेवर तुम्हा दोघींच्या ड्रायव्हिंगचा भरवसा नाही. मी गाडी चालवतो. पण आत येणार नाही." आणि खरंच पार्किंगमध्ये एसी लावून बसून राहिले.

तिथली पद्धत अशी, की परेड संपली तरी सैनिक अटेन्शनमध्येच उभे राहतात. घरच्या कोणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवायचा, मगच त्यांनी हलायचं. शिट्टी झाली, लोक मैदानात धावले. मिठ्या, रडारड, सेल्फी. मीही सायलीकडे धावले, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही."

त्यांनी फोन काढला. "अहो, पोरगी उन्हात उभी आहे. तुम्ही येईपर्यंत तिला कोणी हात लावणार नाही. बसा तुम्ही एसीत."

मैदान रिकामं होत चाललं. सायली ताठ उभी, नजर समोर, कानशिलावरून घामाची धार.

काका आले ते पळत. सीटबेल्टची चुरगळ शर्टावर तशीच. तिच्या समोर उभे राहिले. टोपीपासून बुटापर्यंत बघितलं. मग तिच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी बोलायला लागले. बोलतायत, बोलतायत, हात मात्र खिशातच!

मला राहवेना. ओरडले, "काका, खांद्यावर हात ठेवा ना! तोपर्यंत हलता येत नाही तिला!"

काकांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"थांब नं पोरी! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उलट न बोलता ऐकून राहिली ती माझं!"