माझ्या बांधाजवळचं वळण

माझ्या हातून आयुष्यात गाढवपणे बरेच झाले, पण भर दुपारी केरसुणीनं रस्ता सरकवण्याचा गाढवपणा एकच. रस्ता वस्तीचा, श्रमदानाचा, आणि त्या श्रमदानाची पुढारीण मीच.

आमची वस्ती सणसर आणि लासुर्ण्याच्या मधे, डांबरी सोडून आत. पाण्याच्या चारीच्या, म्हणजे छोट्या कालव्याच्या, कडेनं पायवाट तेवढी होती. माझं रान वाटेच्या मध्यावर, थोरल्या जाऊबाईंचं पार शेवटाला. थोरले दीर गेल्यापासून सगळं त्यांच्याच अंगावर. वाट नाही म्हणून त्यांच्या उसाला तोड कधी वेळेवर यायची नाही. ऊसतोडीचे टोळीवाले म्हणायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन एवढं कोण चालणार? आधी रस्त्याकडेचे फड. तोवर जाऊबाईंच्या उसाला तुरे यायचे, ऊस आतून पोकळ पडायचा आणि वजनाला मार खायचा.

सरकारी रस्ता येईल तेव्हा येईल, आपणच मुरूम टाकू, असं बचत गटातल्या बायकांनी ठरवलं. पुण्याच्या एका कॉलेजची पोरं शिबिराला आली. हातात मोजे, डोक्यावर सारख्या टोप्या. एक घमेलं उचलायला तिघं आणि फोटो काढायला चौथा. पण त्यांना हसणारी मी कोण? मी तर इस्त्रीची साडी नेसून, घमेल्याला बोटही न लावता, दगडावर चढून भाषण ठोकत होते. "मैत्रिणींनो, प्रत्येकीनं थोडी जमीन सोडली, तर विकास आपल्या दारात येईल!" टाळ्या पडल्या. त्या 'प्रत्येकी'त मी नव्हते, हे बोलतानाही मला पक्कं ठाऊक होतं.

पोरांचे सर टेप धरून मापं घेत, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारत आले. रेघ माझ्या बांधावर चढली आणि चार हात आत शिरली. मी लगेच माया दाखवली. "पोरांनो, उन्हाचं कशाला? आधी जेवून घ्या!" पिठलं-भाकरी होती, आणि ठेचा मी मुद्दाम असा केला होता की अख्खं शिबिर पाण्याच्या माठाभोवती नाचायला लागलं. तेवढ्यात केरसुणीनं रेघ पुसली, बादलीतली फक्की घेतली आणि चारीच्या अंगाला नवी ओढली. चालणाऱ्या सापासारखी झाली.

सर आले. रेघेकडं बघितलं, टेपकडं बघितलं. "काकू, इथं वळण होतं का?"

"व्हय की. चारी वळतीया न्हवं का तितं!"

चारी तर डोळ्यांसमोर सरळ वाहत होती. पण सरांचे डोळे अजून ठेच्यानं भरलेले.

रस्ता झाला. फीत कापली. फ्लेक्सवर माझा फोटो, अंगावर शाल, हातात नारळ. रोज पहाटेपासून घमेली वाहून जाऊबाईंच्या तळहाताला फोड आले होते. त्या मागं मातीत बसून टाळ्या वाजवत होत्या. मी मान तिरकी करून फोटोला उभी.

हंगाम लागला. जाऊबाईंच्या फडात पहिल्यांदाच टोळी वेळेवर उतरली. ऊस तुटून पडला आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर तो न्यायला आला. माझ्या बांधाजवळ पहिली ट्रॉली वळली, दुसरीचं चाक चारीत. कशीबशी मागं ओढून काढली. टोळीचा मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कुठल्या शहाण्यानं वळण काढलंय हे? मावशी, हितनं भरलेली गाडी निघायची न्हाय. मोळ्या हितवर आणून द्या, न्हायतर आमी चाललो दुसऱ्या फडाला."

जाऊबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि फडाकडं चालायला लागल्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

आणि पुढारीणबाई? घरात जाऊन चूल सारवत बसल्या. खिडकीतून जाऊबाई मोळी घेऊन येताना दिसल्या. परत जाताना दिसल्या. पुन्हा येताना दिसल्या तेव्हा त्यांची मान वाकडी झाली होती, आणि मला काही तिथं बसवेना.

मालकांना म्हटलं, "कुदळ घ्या. बांध फोडायचाय."

"कुणाचा?"

"आपला."

"ताप हाय का गं तुला?" त्यांनी खरंच कपाळाला हात लावून बघितला.

आम्ही दोघांनी बांध फोडला, कोपऱ्यातला उभा ऊस काढला, उरलेला मुरूम ओढून टाकला. त्या रस्त्यावर मी घमेलं उचललं ते तेव्हा, पहिल्यांदा.

ट्रॅक्टर त्या वाटेनं फडात गेला आणि दिवस कलताना भरलेल्या ट्रॉल्या आल्या. ट्रॅक्टरच्या पुढं जाऊबाई चालत होत्या. मी चिखलानं माखून नव्या वाटेच्या मधोमध उभी. वाटलं, आता गळ्यात पडतील, निदान पदर तरी डोळ्याला लावतील. चेहरासुद्धा तयार ठेवला होता.

जाऊबाई माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, लई झाली सेवा. आता वाटंतनं बाजूला हो, माझा ऊस जाऊ दे."